दिवाळीचा हात, नाताळचा केक: पहिल्यांदाच घरी करणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की मला ठरलेला फोन येतो. "मावशी, नाताळचा केक करायचाय, पण आमच्या घरात कुणी कधी केलेला नाही." बोलणारी बहुधा भाची असते, नाहीतर सोसायटीत नव्यानं संसार मांडलेलं जोडपं. मी ओव्हनची चौकशी नंतर करते. आधी विचारते, दिवाळीत शंकरपाळी कोण करतं तुमच्यात? जे कुणी करत असेल त्याला हाताशी घ्या. मोहन किती कडकडीत हवं हे ज्याला कळतं, करंजीचा साटा फेसून हलका झाला की नाही हे ज्याला बोटानं समजतं आणि पाक कधी उतरवायचा हे ज्याला वासावरून कळतं, त्याला निम्मा नाताळ आलेलाच असतो.

उरलेला निम्मा म्हणजे दोन सवयी: काट्यावर वजन करणं आणि हात आवरणं. फराळात अंदाज खपून जातो. पीठ सैल वाटलं तर मूठभर आणखी घालता येतं, पहिला घाणा बिघडला तर दुसरा सुधारता येतो. केकचं तसं नाही. भांडं आत गेलं की पुढचा तासभर तुमच्या हातात काही नसतं, म्हणून जी काही अक्कल वापरायची ती आधीच वापरावी लागते.

आधी किती करायचं ते ठरवा

पुण्यातल्या कॅम्प, वानवडी, फातिमानगर, घोरपडी भागातल्या ख्रिस्ती घरांत आठ-दहा दिवस आधीपासून अगदी फराळासारखाच घाट सुरू होतो. गोव्याकडची मंडळी त्या सगळ्या जिनसांना मिळून कुसवार म्हणतात: नेवऱ्या, दोदोल (गूळ आणि नारळाच्या दुधाचा हलवा), कुलकुल (शंकरपाळीसारखी तळलेली गोड वळी), दोस (चणाडाळ-नारळाची वडी). नेवरी म्हणजे आपली करंजीच, आणि मराठी ख्रिस्ती घरांत ती करंजी म्हणूनच ओळखली जाते. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून मराठीत आला. पुण्यात हा सण इंग्रजांबरोबर आला असं पुष्कळांना वाटतं, पण क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ सालचं आहे, सवाई माधवरावांच्या अमदानीतलं, आणि त्यासाठी जागा पेशव्यांनीच दिलेली. म्हणजे शनिवारवाडा गजबजलेला असताना पलीकडे कुणाच्या तरी चुलीवर नाताळचं काहीतरी रटरटत असणारच.

पहिल्या वर्षी मात्र एवढं सगळं अंगावर घेऊ नका. एक प्लम केक, एक तळणीची जिन्नस आणि जमलं तर डबाभर बिस्किटं, बस. माझं वेळापत्रक असं असतं: नाताळच्या आधीच्या रविवारी कुलकुल, २२ तारखेच्या रात्री सुकी फळं भिजत, २३ला केक, २४ला केकला हात न लावता झाकून ठेवणं. सामान २० तारखेच्या आत घरात हवं. २४च्या संध्याकाळी कॅम्पात गाडी घेऊन जायचा विचारही करू नका. रोषणाई बघायला जायचं असेल तर पायी जा.

सामान

वजनकाटा नसेल तर तो आधी घ्या, ग्रॅम दाखवणारा साधा. वाटीचं माप केकला चालत नाही, कारण तुमची वाटी आणि माझी वाटी वेगळी. शिवाय एकाच वाटीत मैदा सैल भरला की दाबून, यावर तो पाऊणपट, सव्वापट कसाही भरतो. चमच्यांचा एक संच घ्या, छोटा चमचा ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा. केकचं भांडं ६ इंच व्यासाचं आणि ३ इंच उंच. लहान वाटेल, पण पहिला केक लहानच असावा. मोठ्या केकचा मधला भाग शिजेपर्यंत कडा करपतात आणि नवशिक्याचा सगळा हिरमोड तिथेच होतो.

भांडी, बटरपेपर, रंगीत साखर, खोकी असलं सगळं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतं. दुकानात शिरण्याआधी यादी खिशात ठेवा, नाहीतर केकच्या एका भांड्यासाठी गेलेला माणूस अकरा साचे घेऊन परततो. (माझ्याकडे ताऱ्याच्या आकाराचा एक साचा आहे. आठ वर्षांत एकदाही वापरलेला नाही.) सुका मेवा त्याच भागात किंवा मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात बघून घ्यावा.

मेव्यावरून आठवलं. प्लम केकात प्लम कुठे असतो, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही 'प्लम' म्हणत, नाव तिथून आलं. तेव्हा आपल्या तासगावचा बेदाणा घातलात की केक नावाला पूर्ण जागतो. फार पिवळाधम्मक, चकचकीत बेदाणा मात्र घेऊ नका. बोटात दाबून बघा, मऊ लागायला हवा आणि देठ नकोत.

६ इंची केकसाठी लागेल ते असं:

बेदाणे ७५ ग्रॅम, बिनबियांचे काळे मनुके ७५ ग्रॅम, खजूर ५० ग्रॅम, सुके अंजीर किंवा टुटीफ्रुटी ५० ग्रॅम
संत्र्याचा ताजा रस ७५ मिली आणि एका संत्र्याची किसलेली साल
लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, अंडी २
मैदा १३० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा सपाट
जाळायला साखर ६० ग्रॅम, गरम पाणी ५० मिली
काजू, बदाम, अक्रोड मिळून ५० ग्रॅम
दालचिनीची पूड पाऊण छोटा चमचा, सुंठ अर्धा, लवंगा ३ कुटून, चिमूटभर जायफळ

लोणी म्हणजे बाजारचं, विटेसारखं मिळणारं. खारट घेतलंत तर केकात वेगळं मीठ घालू नका. मी पहिल्या वर्षी घातलं होतं आणि घरच्यांनी केक चहात बुडवून, मुकाट्यानं संपवला. घरचं लोणी पोळीवर कितीही गोड लागलं तरी इथे नको, कारण त्यात ताक-पाणी किती राहिलंय हे काट्यावर कळत नाही. मसाला आदल्या दिवशी घरीच कुटा. लवंग मोजूनच. चौथी-पाचवी पडली की केकाला दातदुखीच्या औषधाचा वास येतो.

फळं भिजवणं

केकची चव इथे ठरते, म्हणून इथे घाई नको. खजूर आणि अंजीर बेदाण्याएवढे बारीक चिरा. सुरीला चिकटायला लागले की सुरीला तुपाचं बोट लावा. डिसेंबरात मंडईत नागपुरी संत्री भरपूर असतात. दोन संत्री पुरतात. रस काढण्याआधी साल बारीक किसणीवर किसून घ्या, नंतर ते जमत नाही. फक्त नारिंगी थर घ्यायचा. पांढरा भाग आला की कडू.

रस आणि फळं छोट्या पातेल्यात घालून मंद गॅसवर पाच मिनिटं गरम करा, उकळी फुटायच्या बेतात आली की बंद करा. किसलेली साल आता घाला, झाकण ठेवा आणि गार झाल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मनुका टम्म फुगलेल्या दिसतील आणि तळाशी रस जेमतेम चमचाभर राहिलेला असेल. तो टाकायचा नाही.

रममध्ये भिजवायची असतील तर रस वगळून ६० मिली रम घाला, काचेची बरणी घट्ट लावा आणि दोन-चार आठवडे कपाटात ठेवा, आठवड्यातून दोनदा बरणी हलवा. दारू टिकवते, रस टिकवत नाही. हा फरक लक्षात ठेवा. रसात भिजवलेली फळं महिनाभर ठेवायला गेलात तर आंबतील. "जुनी फळं असली की केक भारी" हे ऐकून संत्र्याच्या रसातली बरणी पंधरा दिवस ओट्यावर ठेवणारे लोक मी पाहिलेत. बरणी उघडल्यावरचा फस्स आवाज विसरता येत नाही.

साखर जाळणं

प्लम केकचा तो गडद तपकिरी रंग चॉकलेटचा नसतो, जाळलेल्या साखरेचा असतो. जाड बुडाच्या छोट्या कढईत ६० ग्रॅम साखर कोरडीच घाला, पाणी नको. मंद ते मध्यम गॅस. ढवळायचं नाही, कढई हलवायची. कडेनं साखर वितळेल, मग सोनेरी होईल. चिक्कीचा पाक इथवर येतो आणि आपण सवयीनं गॅस बंद करायला धावतो. थांबा. अजून पुढे जायचंय. रंग कोऱ्या चहासारखा झाला आणि बारीक धूर दिसू लागला की गॅस बंद.

आता जपून. ५० मिली पाणी आधीच दुसऱ्या भांड्यात गरम करून ठेवलेलं असलं पाहिजे. ते चमच्या-चमच्यानं, हात लांब ठेवून घाला. मोठ्यानं चुरचुरतं, वाफ उसळते. मी एकदा नळाचं गार पाणी एकदम ओतलं होतं, त्याची खूण मनगटावर अजून आहे. मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा. साखरेचे खडे झाले तर परत मंद गॅसवर ठेवा, विरघळतात. हा पाक पूर्ण गार होऊ द्या. गरम पाक मिश्रणात गेला तर फेसलेलं लोणी वितळून सगळी मेहनत पाण्यात.

चव घेऊन बघा: गोड आणि किंचित कडसर हवी. नुसती गोड असेल तर कमी जळली, केक फिका होईल पण बिघडणार नाही. कडूजार असेल तर टाकून द्या आणि नव्यानं करा. ६० ग्रॅम साखरेपायी सगळा मेवा वाया घालवू नये.

मिश्रण

पुण्याच्या डिसेंबरात सकाळी पारा दहा-बारा अंशांवर असतो आणि दुपारी अठ्ठावीस-तीसवर. केकची सगळी पुस्तकी वाक्यं "लोणी खोलीच्या तापमानाला आणा" म्हणतात, पण सकाळी सातला आपल्या खोलीचं तापमान म्हणजे लोण्याची वीटच. म्हणून लोणी रात्रीच बाहेर काढून ठेवा, अंडीही, आणि केक दुपारी करायला घ्या. लोण्यात बोट रुतलं पाहिजे, पण ते वितळलेलं नको. मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलेलं लोणी फेसलं जात नाही.

ओव्हन आता तापत ठेवा, १६० अंशांवर, किमान १५ मिनिटं. भांड्याला तळाशी आणि कडेनं बटरपेपर लावा, दुहेरी, कडेचा कागद भांड्याच्या वर इंचभर येईल असा. हा केक तासभर आत असतो, त्याला हे पांघरूण लागतं.

लोणी आणि पिठीसाखर फेसा. हाताच्या फेसणीनं आठ-दहा मिनिटं, विजेच्या फेसणीनं तीन-चार. परातीत तळहातानं साटा फेसताना तूप पांढरं, हलकं, फुललेलं होतं ना, तेच इथे हवंय. रंग पिवळ्याचा सायीसारखा झाला पाहिजे. मग एक अंडं घालून पूर्ण एकजीव करा, मग दुसरं. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, चमचाभर मैदा घाला, जुळून येतं. आता गार झालेला जाळलेल्या साखरेचा पाक घाला आणि हलकेच फेसा.

मैदा, बेकिंग पावडर आणि मसाला एकत्र दोनदा चाळा. त्यातला मोठा चमचाभर बाजूला काढून त्यात काजू-बदाम-अक्रोडाचा मेवा घोळवा, म्हणजे तुकडे तळाशी बसत नाहीत. उरलेला मैदा मिश्रणात दोन हप्त्यांत घाला, आणि इथून पुढे फेसणी बाजूला ठेवा. उलथन्यानं किंवा मोठ्या चमच्यानं खालून वर उचलत मिसळायचं. पांढरा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. भजीच्या पिठासारखं घोटलंत तर मैद्याला चिकटपणा येऊन केक रबरी होतो. शेवटी भिजलेली फळं, तळाच्या रसासकट, आणि मेवा. मिश्रण घट्ट असतं, चमच्यावरून ओघळत नाही, धप्पकन पडतं. भांड्यात भरून वरचा भाग चमच्यानं सपाट करा आणि मध्ये किंचित खळगा ठेवा, फुगल्यावर माथा सारखा येतो.

अंडं नको असेल तर? नाताळ आणि मार्गशीर्षातले गुरुवार पुष्कळदा एकाच पंधरवड्यात येतात, त्यामुळे हा प्रश्न पुण्यात दर दुसऱ्या घरात असतो. २ अंड्यांऐवजी १२० ग्रॅम घट्ट, आंबट नसलेलं दही घ्या, त्यात खायचा सोडा पाव छोटा चमचा घालून पाच मिनिटं फुगू द्या, आणि बेकिंग पावडर पाऊण चमच्यावर आणा. पोत थोडा दाट होतो, चव छान लागते. मिश्रण फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध.

भाजणं

भांडं ओव्हनच्या मधल्या जाळीवर, वरची-खालची दोन्ही कांड्या चालू, पंखा असेल तर तापमान १४५ ते १५०. वेळ ५५ ते ६५ मिनिटं. पहिली ३५ मिनिटं दार उघडायचं नाही, मुलगा-नातू कितीही मागे लागोत. ४० मिनिटांनी माथा जास्त गडद वाटला तर वर अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर टाका. ५५ मिनिटांनी मधोमध विणायची सुई खुपसून बघा. कोरडी किंवा एखाद-दुसरा ओलसर कण लागून आली तर झाला. चिकट पीठ आलं तर आणखी आठ मिनिटं. मनुकेचा गर लागला असेल तर तो पीठ समजू नका, दुसरीकडे टोचून बघा.

ओव्हनच्या तबकडीवर आंधळा विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या ओटीजीची (ओट्यावर ठेवायच्या छोट्या ओव्हनची) तबकडी १६० दाखवायची आणि आत १८५ असायचं. मला ते तीन करपलेल्या केकांनंतर, आत ठेवायचा थर्मामीटर आणल्यावर कळलं. तो आणाच. मायक्रोवेव्ह असेल तर त्यातला कन्व्हेक्शनचा पर्याय वापरा. नुसत्या मायक्रोवेव्हवर हा केक होत नाही.

ओव्हनच नसेल तरी अडत नाही. जाड बुडाचं मोठं पातेलं किंवा जुना कुकर घ्या. कुकर असेल तर झाकणाचं गास्केट आणि शिटी दोन्ही काढलीच पाहिजेत, आणि पाणी अजिबात घालायचं नाही. तळाशी दीड-दोन वाट्या जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम गॅसवर १० मिनिटं तापवा. मग केकचं भांडं आत, गॅस अगदी बारीक, ६५ ते ७५ मिनिटं. भांड्याच्या कडेनं बोटभर जागा मोकळी राहायला हवी. माथा तपकिरी होत नाही, पण आतून फरक कळत नाही. तेच मीठ गार करून बरणीत ठेवा, पुढच्या केकला चालतं. स्वयंपाकाला मात्र नाही.

मधेच लाईट गेली तर दार उघडू नका. एका वर्षी २३ तारखेला अर्ध्या तासानंतर वीस मिनिटं गेली होती. मी ओव्हनला हातही लावला नाही, आल्यावर वीस मिनिटं जास्त दिली. केक मध्ये थोडा बसला. तो उलटा करून ताटात ठेवला, तळ वर आला आणि वरून पिठीसाखर भुरभुरली. कुणाला कळलं नाही.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं भांड्यातच, मग जाळीवर. पूर्ण गार झाल्यावर बटरपेपरात गुंडाळून डब्यात. कापायचा दुसऱ्या दिवशी, शक्य तर तिसऱ्या. ताजा कापलात तर चुरा होतो आणि मसाल्याचा वास अंगावर येतो. दोन दिवसांत तो मुरतो. अनारशाचं पीठ ज्या घरात मुरवत ठेवतात त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

माथा ज्वालामुखीसारखा फुटला तर ओव्हन जास्त गरम होता. मध्ये खोल बसला तर कच्चा राहिला किंवा दार लवकर उघडलं. फळं तळाशी गेली तर मिश्रण पातळ झालं, बहुधा फळांचा रस जास्त राहिला. नुसताच दगड झाला तर बेकिंग पावडर बघा: गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून फसफसली नाही तर ती मेलेली आहे.

कुलकुल

शंकरपाळी येत असेल तर कुलकुल आलेच. २५० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे बारीक रवा, ६० ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ. २ मोठे चमचे तूप कडकडीत तापवून मोहन घाला, हातानं चोळा, मूठ वळली पाहिजे. मग नारळाचं घट्ट दूध, साधारण १०० मिली, बेताबेतानं घालत घट्ट मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

मजा पुढे आहे. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबून चपटी करायची आणि वरून खाली गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघांची वळी तयार होते. काटा कमी पडला तर नवा कोरा कंगवा धुऊन घेतात, आणि खरं सांगायचं तर त्यावर रेघा जास्त सुरेख येतात. शेवटची कड नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडते. हे एकट्यानं करायचं काम नाही. आमच्या शेजारच्या आंटींकडे रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसत, पाहुण्यालाही काटा हातात मिळे. मी तिथेच शिकले. माझ्या पहिल्या पन्नासेक कुलकुलांना त्यांनी "अळ्या" म्हटलं होतं, प्रेमानंच.

आधी एकच तळून बघा. तेलात विरघळायला लागला तर मोहन जास्त झालं, थोडा मैदा मिसळा. मध्यमपेक्षा मंद आचेवर, बदामी रंगावर, झाऱ्यानं सतत हलवत. गार झाल्यावरच डब्यात भरा. पंधरा दिवस सहज राहतात, मुलं घरात नसतील तर.

बिस्किटं

लहानपणी तूप, साखर, रवा, मैदा डब्यात भरून पेठेतल्या भट्टीवर नेऊन द्यायचो आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी यायची, त्या वासाची आठवण असणाऱ्यांसाठी हे. १०० ग्रॅम लोणी आणि ९० ग्रॅम गुळाची पूड फेसा. २०० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे सुंठ, १ दालचिनी, अर्धा खायचा सोडा चाळून घाला, २ मोठे चमचे दूध घालून गोळा करा. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग पाव इंच जाड लाटून कापा. १७० अंशांवर १० ते १२ मिनिटं. मऊ असतानाच काढा, बाहेर आल्यावर कडक होतात. ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत ठेवलीत तर दात जपा.

जेवणात कोंबडी हवी असेल तर

आपल्याकडे चिकनवाले साल काढूनच देतात. भाजण्यासाठी अख्खी, सालीसकट हवी असं आदल्या दिवशी सांगून ठेवा, सव्वा किलोच्या आसपासची. मीठ, आलं-लसूण, लिंबू, मिरपूड आणि थोडं लोणी सालीच्या आत-बाहेर चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. १९० अंशांवर साधारण ७० मिनिटं. मांडीच्या सर्वांत जाड भागात टोचल्यावर रस पारदर्शक यायला हवा, गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. कापण्याआधी दहा मिनिटं झाकून ठेवा. सोबत पुलाव करा. बटाटे त्याच ट्रेमध्ये भाजून घ्या आणि झालं.

ताट

केक कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि करवतीसारखी चालवा, दाबू नका. शेजारी द्यायच्या ताटात केकच्या दोन चकत्या, मूठभर कुलकुल, चार बिस्किटं, आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली असेल तर त्याही. वर विणलेला रुमाल. अंड्याचा आणि बिनअंड्याचा केक वेगळ्या ताटात द्या आणि देताना स्पष्ट सांगा, रममध्ये फळं भिजवली असतील तर तेही. ताट रिकामं परत येत नाही. गेल्या वर्षी माझं तिळाच्या लाडवांसकट आलं, तेही थेट संक्रांतीला.

रसातल्या फळांचा केक पुण्याच्या थंडीत डब्यात चार-पाच दिवस राहतो, फ्रिजमध्ये दहा दिवस. फ्रिजमधून काढलेली चकती कोरड्या तव्यावर, अगदी मंद गॅसवर, दोन्ही बाजूंनी मिनिटभर शेकून बघा, कडेची साखर परत कुरकुरीत होते. डब्याच्या तळाशी उरलेला चुरा गरम दुधात.